नानांच्या बिनडोळ्यांच्या बाहुल्या

नाना,

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाची पाटलीणबाई भेटायला आली. अक्कांच्या गळ्यात पडून रडली, पदराने नाक पुसलं, आणि मग पिशवीतून लाकडी खुळखुळा काढून माझ्या हातात ठेवला. "नातवाचे कान कधीचेच बरे झाले. नानांना परत द्यायचा राहूनच गेला बघ." खुळखुळा माझ्या हातात खळकन वाजला आणि सुतकाच्या घरात बसलेल्या सगळ्या बाया एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हापासून हे चालूच आहे. रडायला येणारं प्रत्येक माणूस काहीतरी वाजणारं घेऊन येतं. नवऱ्यासाठी आलेला हुंदका अक्का आवरतात तोवर कोणीतरी भोपळ्याचा खुळखुळा काढतं. काल तर एक जण चाकाचा लाकडी बैल ओढतच आत आला.

यात दोष तुमचाच. अर्ध्या जळगावातल्या पोरांचे कान टोचणारे सासरे मला मिळाले आणि पोरगं रडू नये म्हणून त्याच्या हातात खेळणं देण्याची रीतही तुम्हीच घातलीत. मामाच्या मांडीवर पोर बसवायचं, हातात खुळखुळा द्यायचा, ते त्याकडे बघतंय तोवर सोन्याची तार कानातून पार. खेळणं घरी न्यायचं, पण कान बरे झाले की परत आणायचं. मग तुम्ही ते कडुलिंबाच्या पाल्याच्या गरम पाण्यात धुणार, उन्हात वाळवणार, तिळाचं तेल चोळणार आणि पुढच्या पोराला देणार. देताना पोराच्या आईला दम भरायचात, की हे तोंडात जाणार, जाऊ दे, तोंडात जाण्यासाठीच केलंय.

लग्न होऊन मी धुळ्याहून या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं की सोनाराच्या घरी निदान सोन्याच्या गप्पा तरी ऐकायला मिळतील. इथे चर्चा काय, तर खुळखुळ्यात घालायला तुरीचे दाणे बरे की चिंचोके. तुम्ही ओळखीच्या डाळ मिलमधून तूर आणायचात आणि अक्का निवडायला बसल्या की त्यातले सगळ्यात गोल दाणे आधी पळवायचात. दागिन्यांवर चालवायची कानस लाकडावर चालवायचात. गिऱ्हाईक ओट्यावर बसलेलं, पुढे पोरीच्या लग्नाची पोत, आणि तुम्ही तोंडात लाकडी बदक धरून बसलेले. "पोरना तोंडमा जे जाई, ते आधी मना तोंडमा जाई," हे तुमचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. बदक चावून, चोखून, पाण्यात बुडवून, पुन्हा चावून झालं की ते पास. मग पोतीची पाळी.

आणि केळीच्या सोपाच्या होड्या. चिमी झाल्यावर तुम्ही रोज बाजारातून येताना केळीच्या खोडाचा एखादा तुकडा आणायचात आणि तिच्या आंघोळीच्या पाण्यात होडी सोडायचात. दुसऱ्या दिवशी ती काळी पडायची. मी एकदा म्हटलं, "नाना, रोज कशाला करता, एखादी टिकाऊ आणू ना." तुम्ही म्हणालात की पोरीला टिकाऊ काय करायचंय, तिला रोज नवीन हवं असतं. तेव्हा मला राग आला होता. आता कबूल करते, ते बरोबर होतं.

माझ्या दिनूचं प्रकरण आठवतं ना? माझा धाकटा भाऊ, चिमीचा मामा, भाचीला भेटायला धुळ्याहून एसटीने आला आणि येताना पिवळं धमक प्लास्टिकचं बदक घेऊन आला. दाबलं की चीं करायचं. चिमी खूश, दिनू खूश, मीही खूश. माहेरचं माणूस काहीतरी घेऊन आलं होतं आणि ते घरातल्या कुणाच्या दाताखालून गेलेलं नव्हतं. तुम्ही ते बदक हातात घेतलंत, उलटंपालटं केलंत, आणि सगळ्यांच्या देखत आतून कसोटीचा काळा दगड आणून त्यावर घासलंत. सोन्याची परीक्षा करायचा तो दगड. त्यावर पिवळी रेघसुद्धा उमटली नाही. मग नाकाला लावलंत. "कसना वास शे हाऊ?" दिनू बिचारा म्हणाला, "नवीन आहे नाना, जाईल वास." तुम्ही म्हणालात, "तो जाई, पन कुठे जाई? पोरना पोटमा?" आणि बदकाच्या शेपटीचा एवढासा तुकडा चिमट्यात धरून तुमच्या शेगडीत घातलात.

पुढचं काय सांगायचं. धूर असा झाला की गल्लीतल्या लोकांना वाटलं विजेची तार जळाली. शेजारच्यांनी मेन स्वीच बंद केला. अक्कांच्या वरणाला तो वास लागला आणि आम्ही सगळ्यांनी ते वरण तसंच खाल्लं, कारण टाकून द्यायचं म्हटलं असतं तर तुमचाच मुद्दा सिद्ध झाला असता. दिनू जेवून लगेच धुळ्याची गाडी पकडून गेला. बिनशेपटीचं बदक मी माळ्यावर ठेवलं आणि तुमच्याशी चार दिवस कामापुरतंच बोलले. तुम्हाला ते कळलंही नसेल, कारण तुम्ही एरवीही कामापुरतंच बोलायचात.

तुमचा स्वतःचा मुलगा त्या वेळी पाइपाच्या कारखान्यात नोकरीला होता. दिवसभर प्लास्टिकच्या नळ्या ओतायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुऊन बापाचं प्लास्टिकवरचं भाषण ऐकायचं. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "नाना, मग मी नोकरी सोडू का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "पाइपमा पानी जास. पाइपले कोनी चाटस का?" यावर ते काय बोलणार. पण माझ्याकडे उत्तर होतं, नाना, आणि ते मी इतकी वर्षं दाबून ठेवलं. सून होते म्हणून. आज विचारते. प्लास्टिक तोंडात नको म्हणून गल्लीला शिकवणाऱ्या माणसाची कवळी कशाची होती? रोज संध्याकाळी पेल्यात काढून ठेवलेली ती गुलाबी कवळी मी धुवायची आणि मनातल्या मनात हसायची. प्रत्येक खेळणं तुम्ही त्याच कवळीने चावून पास करायचात. वादात हा एक मुद्दा मी काढला असता तर तुम्ही आयुष्यभरासाठी गप्प झाला असतात. म्हणून काढला नाही. तुम्ही गप्प बसलेले मला एकदाच बघायला मिळाले आणि ते मला झेपलं नाही.

तेच सांगायचंय. बाकीचं सगळं मी उशीर करण्यासाठी लिहिलं.

चिमी सव्वा वर्षाची होती. तुम्ही तिला बाहुली केलीत. अक्कांच्या जुन्या लुगड्याचं अंग, आत सरकी काढलेला कापूस, केसांना काळी लोकर, आणि डोळ्यांच्या जागी दोन गुंजा. तुमच्या वजनाच्या डबीतल्या. लालभडक, त्यावर काळा ठिपका. बारीक सामत्याने भोक पाडून, त्यातून दोरा ओवून तुम्ही त्या पक्क्या शिवल्या होत्या. बाहुली इतकी देखणी झाली की मी पहिल्यांदा तुमच्या खेळण्याचं तोंडभरून कौतुक केलं. तुम्ही खाली मान घालून हसलात आणि मला वाटलं, चला, बदकाचं भांडण मिटलं.

आठ दिवसांनी दुपारी बाहुली एका डोळ्याची झाली. चिमी तिच्याशेजारी बसून तोंड हलवत होती.

मी तिच्या तोंडात बोट घातलं, काही नव्हतं. अंथरूण झटकलं, पलंगाखाली पाहिलं, काही नव्हतं. डॉक्टरांकडे आपण रिक्षाने गेलो. तुमच्या मांडीवर चिमी होती आणि मुठीत उरलेला डोळा होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि म्हणाले की गुंज अख्खी गिळली तर बहुतेक तशीच बाहेर पडते, तिचं कवच कडक असतं. चावली किंवा कवच फुटलेलं असलं तर मात्र आतलं विष अंगात जातं, आणि ते हलकं नाही. मग त्यांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, "हे भोक कशाचं?" तुम्ही म्हणालात, "मीच पाडं." इतका बारीक आवाज तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. चिमीला त्यांनी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. मग घरी सोडताना सांगितलं, तीन दिवस नीट लक्ष ठेवा, उलटी झाली की लगेच आणा, आणि शी प्रत्येक वेळी तपासा.

हे शेवटचं काम तुम्ही कोणाला करू दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात तुम्ही दुकानातली बारीक चाळणी, चिमटा आणि भिंग घेऊन बसलात. सोन्याचा कीस शोधायला दुकानातला केरकचरा गाळायचात ना, तीच चाळणी. पाण्याची बादली जवळ, धोतर वर खोचलेलं, डोळ्याला भिंग. अक्का दारातून म्हणाल्या, "आते त्यामा काय सोनं सापडी का?" एरवी मी हसून लोळले असते.

त्याच वेळी मी आत चिमीची गोधडी घडी घालत होते. उसवलेल्या शिवणीतून काहीतरी टपकन खाली पडलं. गुंज. दोऱ्याचा तुकडासुद्धा तसाच होता. एक ओरखडा नाही. आदल्या दिवशी मी तीच गोधडी दोनदा झटकली होती. मला रडू आलं आणि मी ती मुठीत धरून मागच्या दाराकडे धावले, तुम्हाला दाखवायला. देवाशपथ सांगते, दाखवायलाच.

दाराशी पोचले आणि तुमचा आवाज ऐकला. तुम्ही अक्कांना सांगत होतात, "गुंज ते वेलनी शे, निंघी जाई. प्लास्टिक ऱ्हातं ते निंघतंच नही."

म्हणजे पोरीच्या जिवावर बेतलंय, आणि भाषण चालूच. आता मला कळतं की तुम्ही स्वतःलाच धीर देत होतात. तेव्हा मात्र मला फक्त शेगडीतलं ते बदक आठवलं. मी मूठ मिटली. म्हटलं, शोधा. दुपारपर्यंत शोधा, मग सांगते. आत जाऊन गुंज कुंकवाच्या करंड्यात टाकली. लालात लाल, कोणाला दिसणार.

दुपारी तुम्ही ताटावर बसला नाहीत. अक्कांनी दोनदा वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. मी चेहरा पाडून चिमीला भरवत होते आणि मनात ठरवत होते की संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तुमचा मुलगा कामावरून आला आणि चिमीला कडेवरून खाली ठेवेना. आता सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला विचारलं असतं, सकाळपासून का बोलली नाहीस? दुसऱ्या दिवशी तर तोंडच उघडेना. तुम्ही नुसत्या पाण्यावर होतात. सोनारकाम बंद. चिमी अंगणात हसत-खेळत होती, आणि तुम्ही दर वेळी चाळणी घेऊन बसत होतात आणि रिकाम्या हाताने उठत होतात. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणालात, "चूक मनी शे, पोरी. तू जेवी ले." मी जेवले, नाना. तुमच्यासमोर बसून पोटभर जेवले, कारण मला माहीत होतं की पोर ठणठणीत आहे.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काही झालं नाही म्हणजे नकळत निघून गेली असेल, आता काळजी नको. तुम्ही घरी आलात, वाडग्यात दूधभाकरी कुस्करून खाल्लीत, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांपासून चालत आलेली गुंजांची डबी तापीत सोडून आलात. त्यानंतर तुम्ही कितीतरी बाहुल्या केल्या, पण एकीलाही डोळे लावले नाहीत. मणी नाही, बटण नाही, गुंज नाही. कोरा चेहरा. प्रत्येक खेळण्याचा प्रत्येक भाग चिमट्यात धरून ओढून बघायचात, जे हललं ते बाद. गल्लीतली माणसं चेष्टा करायची, "काय नाना, नजर गेली का? डोळे काढायचे राहिले." तुम्ही म्हणायचात, "पोरी काढतीन डोया."

आणि पोरी काढायच्या. काजळाने, कोळशाने, कधी माझ्या आळत्याने. सकाळी हसरे, दुपारी झोपलेले, भांडण झालं की रागावलेले. धुतलं की चेहरा पुन्हा कोरा. अशी बाहुली दुकानात कुठे मिळते? लोक तुम्हाला विचारायचे, नाना, हे सुचलं कसं. तुम्ही सुईत दोरा ओवत बसायचात आणि मी स्वयंपाकघरात निघून जायची.

अजून एक सांगते, म्हणजे हिशेब नीट समजेल. मी जिंकले होते ना, म्हणून माळ्यावरचं बदक खाली काढलं. तुम्ही पाहिलंत आणि कानस पुन्हा हातात घेतलीत. महिन्याभरात त्याच्या बुडातली चीं करणारी शिट्टी निघाली, बटणाएवढी, आणि ती मला चिमीच्या दाढेशी सापडली. बोटाने ओढून काढली. तीही कोणाला दाखवली नाही. बदक गुपचूप रद्दीवाल्याला दिलं. तुम्ही विचारलंत, "बदक कुठे शे?" मी म्हटलं, हरवलं. तुमच्या घरात माझ्या हातून दोनच वस्तू हरवल्या, आणि दोन्ही कुठे गेल्या ते मला माहीत होतं.

चिमीला ही कथा अक्कांनी सांगितली, अक्का ती कौतुकाने सगळ्यांनाच सांगायच्या, नानांनी नातीसाठी तीन दिवस अन्न शिवलं नाही म्हणून. आणि तुम्ही त्यात तुमची भर घातलीत. ती रडायला लागली की तिचं पोट चाचपून म्हणायचात, "तुना पोटमा बाहुलीना डोया शे. तो बठ्ठं देखस. खोटं बोलशी ते त्याले समजी." पोर त्यावर इतकी विश्वासली की खोटं बोलेना. पाहुण्यांना तोंडावर सांगायची की आई म्हणाली तुम्ही फार वेळ बसता. शेजाऱ्यांकडे टीव्ही बघताना तोंड उघडं ठेवून बसायची, पोटातल्या डोळ्यालाही दिसावं म्हणून. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं, मुलीला नाकाने श्वास घ्यायला त्रास होतो का, वर्गात सारखं तोंड उघडं असतं. फळ्यावरचं डोळ्याला दाखवत होती ती. मी बाईंना म्हटलं, सर्दी आहे.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी रोज ठरवायची. एका दुपारी पाय दाबता दाबता म्हटलंसुद्धा, "नाना, एक सांगायचं होतं." तुम्ही डोळे उघडलेत, बराच वेळ माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "कवळी धुई आन." मी कवळी धुऊन आणली. परत येईपर्यंत तुम्हाला झोप लागली होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. शेवटचं दर्शन घ्यायला चिमीला पुढे केलं. ती वाकली, पाया पडली, आणि मग सरळ उभी राहून तिने तुमच्यासमोर भलंमोठं तोंड उघडलं. रडली नाही, ओरडली नाही, नुसती आ वासून उभी. बायांना वाटलं पोरीचा श्वास अडकलाय, कोणी पाणी आणायला धावलं, कोणी पाठ चोळली. ती कोणाला जुमानेना. ती काय करत होती ते तिथे फक्त मला कळलं, आणि मला हुंदका आला की हसू, अजून सांगता येत नाही. ती डोळ्याला तुम्हाला दाखवत होती.

तेरावं झालं. काल दुपारी तिने मला विचारलं, "आई, डोळ्याने नानांना नीट पाहिलं असेल ना?"

मी करंडा आणला. कुंकू बाजूला करून गुंज काढली, पदराला पुसली आणि तिच्या हातावर ठेवली. आठ वर्षं रोज तिच्यावरूनच कुंकू घेत आले होते. गोधडी, चाळणी, सगळं सांगितलं. तिने गुंज उलटीसुलटी केली, भोक पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"मग माझ्या पोटात काय आहे?"

"काही नाही. सकाळचा भात."

"म्हणजे नाना माझ्याशी खोटं बोलले?"

"नाही गं. नानांना खरंच तसं वाटत होतं. खोटं मी बोलले, नानांशी."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती नुसता मेळ घालत होती. मग म्हणाली, "मग नाना तीन दिवस उगाचच जेवले नाहीत?"

मी हो म्हणाले.